खाट खोडलेला नकाशा

—नको, नको आजोबा, मानसुद्धा उचलू नका, मी बसते ना इथेच, स्टुलावर. तुमची नात म्हणाली, औषधं घेऊन येते, तोवर बसा. म्हणजे म्हणाली कसली — दाराकडे बघून पुटपुटली नि गेली. माझ्याकडे बघतच नाही ती आता. मी तिच्या शाळेतली बाई, इंटिरिअर शिकवते — घराची आतली मांडणी, सजावट हो — मोठ्या वर्गातल्या मुलांना, पुढे पोटापाण्याला उपयोगी पडावं म्हणून. तुम्हाला बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं, असं तीच सांगायची. बरंच झालं. म्हणजे — बरं कसलं, जीभ झडो माझी!

त्या दिवशी आमची अख्खी पलटण टेप घेऊन इथे आली होती ना, खोली मोजायला? शाळाशाळांची स्पर्धा होती — खरी खोली, खरं कुटुंब, त्यांच्यासाठी नकाशा काढायचा. तुमची नात आपणहून म्हणाली, बाई, आमची घ्या. आणि काय काढला हो तिने! बाकीची पोरं भिंतींचे रंग ठरवत बसली, ही एकटी छताचा रंग शोधत होती. का? तर आजोबा दिवसभर तेच बघतात. दिव्याचं बटण खाटेच्या डाव्या अंगाला — उजवा हात चालत नाही म्हणून. खाट खिडकीशी, जरा उंच, म्हणजे तुम्हाला उठवताना आईची कंबर धरणार नाही. पहिल्याच तासाला मीच शिकवते — आधी माणूस, मग भिंती. फळ्यावर लिहिते हो, मोठ्ठ्या अक्षरात. उतरवून सगळेच घेतात, कळलं हिला एकटीला.

आणि मी काय केलं? खाट खोड म्हटलं. — हो, मीच. म्हटलं, अगं, खाट दिसली की खोलीच आजारी दिसते, परीक्षकांना खिडकीशी अभ्यासाचं टेबल आवडतं, चार कुंड्या टाक. ती म्हणाली, "बाई, मग आजोबा कुठे झोपणार?" मी म्हटलं, कागदावर कुणी झोपत नसतं. — असं म्हटलं मी. वर्गासमोर. पोरं हसली. तिने मान खाली घालून खोडलं, पण रेघ पुसट दिसतच होती, तर मी — मी तिच्या हातातलं खोडरबर घेतलं नि स्वतः घासलं. कागद फाटेस्तोवर घासलं हो.

स्पर्धेच्या दिवशी परीक्षक खूश. म्हणाले, वा, मोकळी खोली! कोण कोण राहतं इथे? मी मागून हिला कोपरानं ढोसलं, बोल की! तर म्हणाली, "आई, मी आणि आजोबा. आजोबांना बाईंनी खोडलंय." आणि भरल्या सभागृहातून चालती झाली. माझी पाचावर धारण बसली. तेव्हापासून पोरीचं शाळेत पाऊल नाही.

म्हणून माफी मागायला आले. तुमची. आणि — आता बोलतेच आहे तर — परीक्षकांनी मग खाटेचं सगळं विचारून घेतलं नि म्हणालेत, मुलीने खाटेसकट नकाशा पुन्हा काढून द्यावा, आम्ही विचार करू. आमचे मुख्याध्यापक म्हणाले, काही करा पण तिला आणा, बक्षीस हुकलं तर पुढच्या वर्षी तुमचा विषय बंद. म्हणजे मी काही त्यासाठी नाही हो आले! तशीही आलेच असते. आज नाही, पण... कधीतरी आलेच असते की. तुम्ही फक्त तिला खूण करा, आजोबा. नुसत्या डोळ्यांनी. तुमचा शब्द — तुमचं ती ऐकेल. अहो, डोळे नका ना मिटू...

अगं! कधी आलीस तू? मघापासून उभी आहेस? मी आजोबांना हेच सांगत होते, की... काय? त्यांची कूस बदलायची आहे? बदल ना, बदल. थांब, मी हात लावते — नको? बरं. पण अगं, भिंतीकडे तोंड कशाला करतेस त्यांचं, मी अजून — नाही, नाही. बरं.

निघते मी. दार ओढून घेऊ?