उडणाऱ्या मोटारीची मागची बाजू

...आणि मला सांगा, पानाला दोन बाजू असतात हे हातात कात्री असताना कुणाला आठवतं? मी फक्त उडणारी मोटार कापली!

तुम्हाला सांगते, बाईंनी प्रकल्पच असा दिला, ‘जुन्या मासिकांतले भविष्यातले शोध, त्यांचं पुढे काय झालं?’ आता आमचे आजोबा घड्याळजी, आणि त्यांच्या ट्रंकेत लहानपणापासूनची विज्ञानाची मासिकं. काय एकेक शोध! इस्त्री करणारा यंत्रमानव, जेवणाऐवजी गोळी, चंद्रावर सुट्टी... आजोबा म्हणाले, “बघ हवं तितकं, पण कात्री लावू नकोस हं, बाळ.” बाळानं मान डोलावली. आणि कात्री लावली.

सुबक कापली हो! तक्त्यावर डकवली, खाली लिहिलं, ‘आली नाही’. दहापैकी दहा! घरी येऊन अंक मिटायला गेले, तर त्याच पानाच्या मागे, भोकाला लागून ‘वाचकांच्या कल्पना’, त्याखाली आजोबांचं आडनाव, वय चौदा. नुसतं आडनाव! नाव गेलं मोटारीच्या पाठीला, डिंकात. कल्पना तेवढी शाबूत : शिट्टी वाजवली की ‘इथे आहे’ म्हणून ओ देणारा चष्मा. उभ्या जन्मात त्यांचं छापून आलेलं एवढंच... पण मी फक्त उडणारी मोटार कापली ना!

आणि नेमकं त्याच संध्याकाळी आजोबा म्हणाले, “अगं, तो अंक काढून ठेव, शेजारच्या शिंपीकाकांना माझं नाव दाखवायचंय!” मी काय केलं? आजोबांचा चष्मा उचलला आणि दप्तरात घातला. म्हटलं, “आधी चष्मा तर सापडू दे, आजोबा.”

चार दिवस! आजोबा उशीखाली चाचपतायत, फळीवर चाचपतायत, आणि मी निर्लज्जासारखी त्यांच्याबरोबर खाटेखाली शिरून शोधतेय! वर ते म्हणणार, “माझा शोध बाजारात आला असता ना, नुसती शिट्टी मारली असती...” आई म्हणाली, “आजोबांना पेपर वाचून दाखव गं.” दाखवला. दप्तर मांडीला टेकलेलं.

पाचव्या दिवशी चष्मा पुढे केला. “आजोबा, मी फक्त...”

“उडणारी मोटार कापलीस. पाहिलं मी, त्याच दिवशी.”

“चष्म्याशिवाय?”

त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि डोळ्यात बसवलं. चाळीस वर्षं त्यातून केसाएवढे काटे बघितलेत त्यांनी! घड्याळजीच्या घरात चष्मा लपवणारी मी एकटीच असेन, नाही?

“मग शोधत का होतात?”

“तू कधी देतेस ते बघत होतो. खाटेखाली मात्र झकास शोधलंस!”

रागावले असते तर सुटले तरी असते हो! आता अभ्यास चालू असो, पाहुणे असोत, आतून शिट्टी येते. मी उठते, चष्मा नेऊन देते. तक्त्यावर तळाशी आजोबांचं पूर्ण नाव लिहिलंय, आणि पुढे : ‘शिट्टीला ओ देणारा चष्मा – आला. सध्या नववीत शिकतो.’