टेबलाखालची बाही

नाही नाही, त्या खुर्चीवर नका बसू, तिचा एक पाय मुद्दाम ढिला करून ठेवलाय — घ्या, पहिलं तर मीच सांगून टाकलं. तुमच्या मोठ्या डॉक्टर बाई रागावतील. त्यांनी बजावलंय मला, मास्तर, तुम्ही तोंड उघडायचं नाही, नव्या डॉक्टरांना त्यांचं त्यांना सापडू दे. तोंड न उघडता शिंप्यानं करायचं काय, सांगा बरं. माप घेताना गिऱ्हाइकाशी बोललं नाही तर तो श्वास धरून उभा राहतो आणि सदरा छातीत तंग होतो. बसा, स्टुलावर बसा. चहा थर्मासमधे आहे, तुमचा तुम्हीच ओता, मला अर्धा द्या. बिस्किटांचा डबा हा इथे, माझ्याजवळच. सगळं जवळच ठेवतो मी. दार उघडं होतं ना तुम्ही आलात तेव्हा? ते हवेसाठी. दुपारचं फार कोंडतं इथे.

हा कोट तुमचा नाही. मोठ्या बहिणीचा? मग मैत्रिणीचा असेल. खांदे उतरलेत दोन्हीकडून, बाह्या बोटांवर आल्यात. रोग्याचा हात धरायला गेलात की आधी बाहीच पोचत असेल — हसा, हसा, त्यात काय. आपल्या मापाचा कोट असला ना, की माणूस आपोआप सरळ उभा राहतो. असो. विचारा तुम्ही तुमचं. झोप बरी लागते. भूक आहे. मलविसर्जन वगैरे, मोरीत जाऊन बघून या, तिथला दिवा मी काढून ठेवलाय, तो लिहून घ्या.

आता तुम्हाला हा खेळ सांगतो, म्हणजे तुमचा गोंधळ नको. मोठ्या बाई नव्या डॉक्टरांना तीन ठिकाणी पाठवतात. आधी वॉर्डात, मग म्हाताऱ्यांच्या संस्थेत, शेवटी घरी. म्हातारा एकच, जागा तीन, असं त्या म्हणतात — आणि तो एक म्हातारा म्हणजे मी. सरावाचा म्हातारा. आमच्या हिचं शेवटचं सगळं मोठ्या बाईंनीच केलं, त्यानंतर महिनाभरानं त्यांनी विचारलं, मास्तर, याल का आमच्याकडे खोटं आजारी पडायला? म्हटलं, येतो की. घरी बसून खरं पडण्यापेक्षा ते बरं. वॉर्डात गाऊन घालून झोपवतात, छातीत दुखतंय म्हणायला लावतात. तो गाऊन पाहिलाय ना — दोन नाड्या, त्यातली एक हमखास तुटलेली. एकदा सुईदोरा घेऊन गेलो, पडल्या पडल्या चार गाऊनच्या नाड्या लावून दिल्या, नर्स म्हणाली, आजोबा, तुम्ही रोगी आहात, जरा रोग्यासारखे पडा. पण घरी मात्र मी माझा मालक. घरी इस्त्रीचा सदरा घालतो. तुम्ही येणार म्हणून नाही हं. बरं, तुम्ही येणार म्हणूनच. आदल्या दिवशीपासून तयारी असते माझी — सतरंजीचा कोपरा दुमडायचा, दोन प्रकारच्या गोळ्या एका डबीत मिसळायच्या, फ्रिजमधे आंबलेलं दूध ठेवायचं. म्हातारा घरात एकटा राहायला ठीक आहे की नाही, ते तुम्ही या खुणांवरून ओळखायचं. मुलगी फोनवर म्हणते, बाबा, दूध नासवायला तरी कशाला आणता? तिला काय सांगायचं. दूध आणायला निदान दुकानापर्यंत जायला होतं.

तुमच्याआधी आला तो उंच मुलगा, त्याला एकूण एक सापडलं. सतरंजी, दिवा, गोळ्या, दूध, खुर्ची. हुशार. मग कागदाकडे बघत त्यानं विचारलं, गेल्या काही दिवसांत पडला होतात का? मी म्हटलं नाही. त्यानं लिहिलं नाही. झालं, उठला. चहाही घेतला नाही. मी भरलेला थर्मास संध्याकाळपर्यंत एकटा पीत बसलो.

संस्थेत जाऊन आलात? कशी वाटली? तुम्हाला बरीच वाटली असणार, बाग आहे, रेलिंग आहे सगळीकडे. मलाही बसवलं होतं तिथे दिवसभर, सरावासाठी. शेजारी एक गृहस्थ — चांगले, मोठ्या हुद्द्यावर राहिलेले असावेत, खिशाला पेन लावायची सवय, हात सारखा छातीशी जात होता. आणि खिसा नव्हता. कारण अंगातला सदरा त्यांचा नव्हताच. बटणं उलट बाजूला — बायकी सदरा होता हो. धुलाईत अदलाबदल होते, कोण बघतंय. तुमच्यातल्या चौघांनी त्यांचं बीपी घेतलं, जीभ पाहिली, गुडघे पाहिले. मीसुद्धा गप्पच बसलो. काय म्हणणार, की साहेब, तुम्ही बाईचा सदरा घातलाय? संध्याकाळी मला सोडायला गाडी आली तेव्हा ते म्हणाले, तुम्हाला न्यायला कोण आलंय? नशीबवान आहात.

जावईबापूंनी तीच संस्था बघून ठेवलीय माझ्यासाठी. वाईट नाहीत ते, काळजी आहे त्यांना. मुलीनं स्पष्ट सांगितलंय, बाबा, एकदा तुम्ही मोरीत घसरलात, आम्ही सोडून दिलं — आता पुन्हा पडलात की चर्चा नाही. आणि मोठ्या बाईंचाही नियम आहेच. सरावाचा म्हातारा धडधाकट लागतो. पडायला लागला की तो खरा रोगी, मग त्याचं नाव काढायचं, दुसरा शोधायचा. बरोबरच आहे. खोटं दुखणं नीट करायला माणूस आतून ठणठणीत पाहिजे — हे काय, तुम्ही कुठे निघालात? टेबलाखाली? हां, गोळी, गोळी आहे तिथे एक, मीच इथून टाकली. शाबास. वाकून बघणारा पहिलाच डॉक्टर भेटला, बाकीच्यांना कपड्यांची चिंता. सापडली ना? मग या वर.

या ना वर. काय बघताय एवढं? टेबलाची खालची बाजू आहे ती, तिथे काही ठेवलेलं नाही मी. त्या रेघा होय. त्या जुन्या. मुलगी लहान होती तेव्हा तिथे घर करून खेळायची, तिनं काढलं असेल काहीतरी — बोट कशाला लावताय — पुसला जातोय का खडू? जातो. ताजा खडू जातोच पुसला.

ती बाही आहे. शिवण येत असतं तर ओळखली असतीत. फुग्याची बाही, वर चुण्या, खाली पट्टी. लहान मुलीच्या फ्रॉकची.

पडलो नाही मी, बसलो. बसता बसता आडवा झालो. रिळांचा डबा काढायला गेलो कपाटावरचा, एवढंच. दुपार होती. डोकं गेलं टेबलाखाली आणि पाय बाहेर. कंबर हलेना. हाक मारावी म्हटलं — पण हाक मारायला नाव लागतं हो, समोर कोणाचं तरी नाव यावं लागतं. हिचंच आलं. मग गप्प बसलो. दार होतं बंद. जन्मभर या टेबलावर कापड कापलं, खालून कधी पाहिलं नव्हतं त्याला. पांढरी फळी, चांगली गुळगुळीत. सदऱ्याच्या खिशात निळा खडू होता. अंधार पडायच्या आत काहीतरी करावं म्हणून बाही आखली. हात वर धरून धरून भरून यायचा, तेवढ्यात रेघ हलायची, पण बगलेचा गोल बघा — चुकला नाहीये. दुसरी बाही घ्यायची होती, तेवढ्यात खडू निसटला आणि घरंगळत गेला कुठेतरी. उजाडल्यावर मशीनच्या पायपट्टीला धरून सरकत सरकत उठलो. वाकता येत नाही म्हणून पुसायचं राहिलं. तो उंच मुलगा आला ते याच्यानंतर. म्हणून दार उघडं ठेवतो आता. आणि झोपतो इथेच, या माझ्या खुर्चीत. पलंगावरून उठणं जमत नाही.

हे काही लिहायचं नाही हं. हे खेळातलं नव्हतं. दूध लिहा, दिवा लिहा, गोळी तर तुमच्या हातातच आहे. तुम्हाला पूर्ण गुण मिळतील, मी सांगेन मोठ्या बाईंना. तुम्ही गेलात की मी पुसून टाकीन, म्हणजे — तुम्हीच पुसा जाताना. ओला रुमाल आहे तिथे.

अशा नका बघू माझ्याकडे. खालीच बसून राहिलात, फरशी गार आहे. ते पेन का ठेवलंत खाली?

तुम्ही काही विचारतही नाही आणि जातही नाही. त्या मुलाला मीच सांगणार होतो, की म्हाताऱ्यानं नाही म्हटलं की पेन थांबवायचं आणि जरा बसायचं. सांगायचं राहिलं. तो उठून गेला होता.

घ्या ते पेन. लिहा. दुपारी पडले, सकाळी उठले, कोणी नव्हतं. पलंगाचंही लिहा. बाहीचं लिहू नका, त्याचा दवाखान्याला काय उपयोग. आणि पोरी, मुलीला फोन मोठ्या बाई करतील, तुम्ही नका करू. तुम्हाला ती खूप प्रश्न विचारेल.

झालं? मग कोट काढा तो. काढा हो. खांदे दोन बोटं आत घेतो, बाह्या दुमडतो, बसल्या जागी होईल. आज नाही होणार. ठेवून जा. न्यायला मात्र यावं लागेल तुम्हाला, लवकर या, मी इथे आहे तोवर. नाहीतर मग तिकडे, संस्थेच्या बागेत.

जा आता, उशीर होतोय तुम्हाला. ते पुसू नका. आणि दार — नाही, लोटू नका, उघडंच राहू द्या. हवेसाठी नाही.