बाईंनी बीडला धाडलेली बाटली

मंडळी, माफ करा, लई उशिरा बोलायला उठलो. येताना दवाखान्याच्या कुलपापाशी थांबलो होतो. कावून थांबलो, ते सांगतो. मला भाषण जमत नाही. चौथीपर्यंत शिकलोय. रडूही येत नाही. नुसतं बधिर झालंय.

डॉक्टरीणबाई गेल्या. परवा, बुधवारी, दवाखान्यात खुर्चीतच गेल्या.

आपण त्यांना काय म्हणायचो? बोटटोची बाई. म्हणायचो का नाही? ताप घेऊन गेलं की बोट टोचायच्या, रक्ताचा थेंब तपासेपर्यंत पंधरा मिनिटं बाकावर बसवायच्या आणि सांगायच्या, "ह्याला अँटिबायोटिक लागत नाही. पाणी प्या, झोपा." माझा भाऊ बाहेर येऊन म्हणायचा, "रगत घेतलं न् हाकलून दिलं बे! सुई न्हाई, गोळी न्हाई, ही कसली डाक्टर?"

मीही तसलाच. ऊसतोडीला निघताना दुकानात अँटिबायोटिक गोळ्यांचं जुनं रिकामं पाकीट दाखवायचो आणि तसल्याच गोळ्या घ्यायचो. खोकला, जुलाब, ठणका, सगळ्याला तीच गोळी. तोड थांबायला नको. दोन गोळ्यांनी बरं वाटलं की उरलेल्या बायकोच्या पदराच्या गाठीला.

एकदा ते पाकीट बाईंना दाखवलं.

"काका, हे कुणाचं?"

"आमच्या मंडळीचं."

"मग मंडळीला आणा. पाकिटाचं बोट कुठं टोचू?"

सगळा दवाखाना हसला. मीही हसलो. पण मंडळीला नेलं नाही.

या मंगळवारी नेलं. आठ दिवस लघवीला आग, थंडीताप. दुकानच्या गोळ्यांनी उतार नाही. बाईंनी विचारलं, "किती वर्षं देताय ही गोळी?" मी बोटांवर वर्षं मोजायला लागलो. बाई रागावल्या नाहीत. लघवीची बाटली त्यांनी स्वतः मांजरसुंब्याच्या फाट्यावर बीडच्या गाडीत दिली, तिथल्या मोठ्या दवाखान्यात तपासायला. म्हणाल्या, "तोवर ही दुसरी गोळी द्या. हिला कुठलं औषध लागू पडेल, ते तीन दिवसांत कळेल. आता अंदाजानं काही देऊ नका, काका."

दुसऱ्या दिवशी बाईच गेल्या.

आज तिसरा दिवस. बायकोचा ताप हटत नाही. दवाखान्याला कुलूप, दुकान उघडं. खोटं कशाला बोलू? रिकामं पाकीट खिशात घेऊन दुकानाच्या पायरीपर्यंत गेलो होतो. तिथून माघारी आलो आणि दवाखान्याच्या कुलपापाशी थांबलो.

आता उभे राहू. बाईंनी आपल्याला पंधरा मिनिटं बसवलं, आपण दोन मिनिटं गप्प राहू. मग बीडहून त्या बाटलीच्या तपासणीचा कागद कुणाच्या फोनवर आला, कुणाच्या हाती आला, तर लवकर निरोप धाडा. मी दवाखान्याच्या दारातच बसलेला असेन.