सुभद्राबाईंनी काशीत काय सोडलं

मृदंगवाले, जरा हात आवरा! टाळ खाली! मंडळी, कीर्तन पुढं नेण्याआधी एक प्रश्न विचारतो — माणसानं त्याग कशाचा करावा? आवडत्या गोष्टीचा! बरोबर! मग ज्याला आपल्याला काय आवडतं हेच ठाऊक नाही, त्यानं काय करावं? बोला की! नसेल ठाऊक, तर ऐका.

बार्शीचे त्रिंबकशेठ कासार. बांगड्यांचं दुकान. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, दुकान पोराच्या हाती दिलं आणि बायकोला, सुभद्राबाईंना, घेऊन निघाले काशीला! काशीला काय करायचं? गंगेत बुडी, विश्वेश्वराचं दर्शन, आणि तिसरं? वा आजोबा! एक आवडता पदार्थ कायमचा सोडायचा! काशी करून आलेला माणूस पंगतीत लगेच ओळखू येतो — "वांगं नको हो, काशीत सोडलंय!"

पण शेठ पडले व्यापारी! त्यांनी गाडीतच ठरवून टाकलं — कारलं सोडायचं! जन्मात तोंडाला लावलं नव्हतं! हसताय काय? या मांडवात कारलं सोडलेले चार जण बसलेत. नावं घेऊ?

तर थंडीचे दिवस, सकाळची वेळ. बुडी मारून दोघं घाटावरच कुडकुडत नानागुरुजींसमोर बसले. नानागुरुजी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहिलेले आपले मराठी भटजी. त्यांनी विचारलं, "शेठ, काय सोडता?"

"कारलं!"

"आवडतं का?"

"म्हंजे... आवडलं असतं."

गुरुजी काय काल घाटावर आलेत? म्हणाले, "तुमचं राहू द्या. बाई, तुम्ही सांगा. तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडतं?"

साधा प्रश्न, मंडळी! सुभद्राबाईंनी डोळे मिटले. समोरून गंगेत एक नाव गेली, दुसरी गेली, बाईंना काही सुचेना! शेवटी शेठच बोलले, "गुरुजी, हिला भाताची, बुडाला लागलेली खरवड आवडती. रोज खाती बगा!"

बाईंनी खाडकन डोळे उघडले. "आवडती? आवो, तुमी समदे जेवून उठला की तेवढीच उरती!"



गुरुजींनी पळी-पंचपात्र खाली ठेवलं. "बाई, जे हाताला लागलंच नाही ते सोडणार कसं? जा, काशी फिरा, खा, आणि आवडतं सापडलं की दिवस मावळायच्या आत या. उदक सोडल्याशिवाय यात्रा पुरी नाही. आणि शेठ, तोवर तुम्ही उपाशी!"

"मी? मी का?"

"कारल्याबद्दल!"

निघाली वरात! पुढं सुभद्राबाई, मागं शेठ. हातात बाईंची शाल, काखेत गंगाजळाचा कॅन, पोटात कावळे! कचोरीवाल्यानं विचारलं, "अम्मा, क्या दें?" बाई सवयीनं मागं वळल्या, "आवो, तुमाला काय पायजे?"

"मला काय इचारतीस? मी उपाशी हाय!"

झाली का पंचाईत! आता स्वतःच सांगायचं! बाईंनी भीत भीत बोट दाखवलं. चार कचोऱ्या खाल्ल्या. "बरी हाय. पर ही न्हवं." जिलेबी खाल्ली. "ही बी न्हवं!" मग मलइयो. काशीत थंडीतच मिळतो तो, दुधाचा केशरी फेस! जिभेवर ठेवला की गायब! "आवो, खाल्लं का न्हाई तेच कळंना! आणिक एक घ्या!" एकाचे तीन झाले, तरी हे बी न्हवंच! मग नावेत बसल्या, तेही पार पुढच्या टोकाला! प्रत्येक घाटाला हात जोडायच्या आणि नावाड्याला म्हणायच्या, "भाऊ, हितनं परत एकदा फिरव!" त्याला मराठी येतं कुठं? पण फिरवली त्यानं! बाई खदखदून हसल्या. एवढ्या मोठ्यानं हसणारी ही बाई कोण, म्हणून शेठ बघतच राहिले.

दुपारचे चार वाजले. गल्लीतलं एक दुकान. टमाटर चाट! वर तूप, वर शेव, नाकातोंडातून वाफ! बाईंनी एक घास घेतला आणि... थांबल्या. डोळ्यांत पाणी आलं. "आवो... हेच!"

"तिखट हाय का?"

"न्हाई वो! हेच ते! हेच आवडतं मला!"

शेठच्या तोंडाला पाणी सुटलं. "एक घास तरी..." "उदक सुटल्याबिगर न्हाई!" बाईंनी बोट वर केलं! शेठ बाकावर बसून बघत राहिले. समोर बायको खातेय, वास नाकात शिरतोय, सकाळपासून पोटात कण नाही. आणि मंडळी, तिथं त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हळूच म्हणाले, "अगं, आमी जेवायचो तवा तुला अशीच भूक लागायची का गं?"

बाई द्रोण पुसत म्हणाल्या, "लागायची की. मग मोडली."

शेठनी पुढं होऊन तिच्या हातातला रिकामा द्रोण घेतला. फार लाजले हो ते.

दिवस मावळताना दोघं घाटावर हजर! गुरुजी म्हणाले, "सापडलं? वा! मग करा हात पुढं, सोडा!" बाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले! "सोडू? गुरुजी, बेचाळीस वर्सांनी आज चारला गावलंय, आन् पाचला सोडू? न्हाई जमायचं! म्हादेवाला राग येऊ द्या!"

गुरुजींना हसावं की रागवावं कळेना. तेवढ्यात शेठनी आपला तळहात पुढं केला. "पाणी माझ्या हातावर घाला."

"कारलं का?"

"कारलं न्हवं. हिच्या आधी जेवणं सोडलं!"

सुटलं उदक! गुरुजी सुभद्राबाईंना म्हणाले, "बाई, तुमचं सोडणं बेचाळीस वर्षं चाललंय. तुमची यात्रा केव्हाच पुरी झाली!"

आता मंडळी, पिठल्याचा वास तुम्हालाही येतोय, मलाही येतोय. सकाळपासून या मांडवामागं चुलीच्या धुरात कोण बसलंय? आपल्या माउल्या! आणि पहिल्या पंगतीला कोण बसायच्या तयारीत आहे? मीच! दरवर्षी पाटावर पहिला मी! म्हणजे हे आख्यान माझ्याच पाठीत बसलं की! मग द्या ती पिठल्याची पळी माझ्या हातात. सरपंच, मान खाली कशाला घालता? बाह्या सारा, पत्रावळ्या मांडा! माउल्यांनो, हात धुवा, बाहेर या, बसा. तुमचं पोट भरू दे, मग आम्ही हरीचं नाव घेऊ — उपाशीपोटी, तोंडभरून!