चोरीच्या कॉपीतली आई

कमळी : हळू बोल रे संकेत. भूपेश आत जागाच हाय. माजा आवाज थांबला की धावत येतो.

संकेत : मावशी, आठवडाभर तुम्ही खरंच घराबाहेर पडला नाहीत?

कमळी : पडू देईल तर ना! सोता वालीवच्या वर्कशॉपात कामावर जात नाय, मला बाजारात जाऊ देत नाय. माज्या चपला कुठं लपवल्यात देव जाने. विकायची केळी घरातच काळी पडली.

संकेत : आणि हे सगळं माझ्या गेममुळे?

कमळी : तुज्याच त्या भुताच्या खेळामुळे. मी लॅपटॉपची दिष्टपन काढली, मीठ-मोहऱ्या ओवाळून. मोहऱ्या बटनांच्या फटीत गेल्या. आता म्हने अर्धी बटनं दबतच नायत.

संकेत : अहो मावशी!

कमळी : हसतोस काय मेल्या? माजं पोर वाया चाललंय. त्यात काय घातलंस ते काढ आधी.

संकेत : काही नाही घातलं हो. एक मुलगा घरात एकटा असतो, आई बाहेर गेलेली. त्याला आवाज ऐकू येतात, सावल्या दिसतात. सगळी त्याच्याच मनातली भीती. भूपेशकडे आहे ती चोरीची कॉपी. कोणीतरी गेम फोडून फुकट वाटला. आणि पोरांनी नेटवर उठवून दिलं, की फुकट खेळलास तर किंमत तुझी आई देणार. बाहेर पडली की परत येणार नाही.

कमळी : आनि तू नुसता बघत बसलास?

संकेत : अफवेमुळे खप वाढला, मावशी. माझी पार्टनर क्षितिजा म्हणाली, राहू दे, आयती जाहिरात आहे. मीही गप्प बसलो.

कमळी : शाबास! तुमची जाहिरात झाली नि माजं घर बसलं.

भूपेश : आई! कुठे आहेस?

कमळी : ओट्यावर हाय रे. संकेत आलाय.

भूपेश : तू कशाला आलास? आई, आत चल आधी.

संकेत : भूप्या, गेम हवा होता तर माझ्याकडे मागायचास ना. शाळेपासूनचे दोस्त आपण.

भूपेश : लाज वाटली. तू गेम बनवतोस, मी लेथवर उभा असतो. वर्कशॉपमधल्या एकाच्या पेन ड्राइव्हवर होता, घेतला.

संकेत : त्या अफवेत काही तथ्य नाही रे.

भूपेश : मला नको शिकवू. मी खेळलोय. आई दाराबाहेर गेलेली, मुलगा वाट बघत राहतो, शेवटी काळोख होतो आणि गेम बंद. परत लावला, परत तेच. ती येतच नाही.

संकेत : कारण शेवट तुझ्या कॉपीत नाहीच! शेवटचा भाग आम्ही वेगळा ठेवलाय, विकत घेणाऱ्यालाच तो मिळतो. चोरांच्या हाती लागलाच नाही. खऱ्या गेममध्ये आई परत येते. हा बघ व्हिडिओ.

भूपेश : आईने बोलावलं म्हणून बनवून आणला असशील.

संकेत : अरे, दोन वर्षं घासलीयत त्यावर. असा बसल्या बसल्या बनतो का?

भूपेश : तुला नाही कळणार, संक्या. बाबापण असेच गेले. डबा घेतला, येतो म्हणाले. हायवेवर ट्रकने उडवलं. मी दारातच होतो, थांबवलं नाही.

कमळी : सोन्या, तू एवढासा होतास. तू काय थांबवनार?

भूपेश : आता मोठा आहे ना. आता थांबवू शकतो.

कमळी : अरे बाबा माज्या... हे इतकी वर्सं पोटात ठेवलंस? संकेत, तो व्हिडिओ ठेव खिशात. मी बाजारात जाते.

भूपेश : आई, नको! पाया पडतो तुझ्या!

कमळी : मलापन भीती वाटते रे. तुजे बाबा गेल्यावर मी दारातून पाऊल टाकताना थरथरायचे. तरी गेले, नायतर तुला काय खाऊ घातलं असतं? किती वेळा गेले नि किती वेळा परत आले. ते एकदापन बघितलं नायस. संकेत, तू याच्याजवळ बस. धरायचं नाय, नुसतं बसायचं. आनि तुजी चप्पल दे मला.

संकेत : मोठी होईल मावशी तुम्हाला.

कमळी : होऊ दे.

(दुपार कलली आहे. ओट्यावर दोघेच.)

भूपेश : बाजार कधीच उठला असेल.

संकेत : हो.

भूपेश : फोन लावू?

संकेत : लावलास की त्या चिडतील.

भूपेश : तुलापण भीती वाटतेय ना?

संकेत : वाटतेय रे. गेम मी लिहिला आणि फाटकाकडे मीच बघत बसलोय.

भूपेश : बाकीच्यांना सांगणार आहेस, सगळं खोटं आहे म्हणून?

संकेत : आत्ताच टाकलं गेमच्या पानावर. शेवटचा भागपण सगळ्यांना फुकट ठेवला, चोरीच्या कॉपीवाल्यांनासुद्धा. क्षितिजा फाडून खाणार मला.

भूपेश : खाऊ दे. थांब, फाटक वाजलं.

कमळी : काय रे, पुतळ्यासारखे काय बसलात? पिशवी घ्या कुनीतरी, खांदा भरून आला माजा.

भूपेश : आई... उद्यापण जाणार?

कमळी : जानार तर.

भूपेश : मग मीपण कामावर जातो. संध्याकाळी यायला उशीर झाला तर घाबरू नकोस.