शेषगिरीरावांच्या नेटचा चोर

आमच्या राजवाड्यामागच्या गल्लीतले शेषगिरीराव स्वतःच्या सावलीवरही संशय घेतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांनी कंप्युटरला वायरलेस अडॅप्टर लावला. खोक्यावर वेग चोपन्न, पडद्यावर मात्र अकरा.

"माडीवरचा मणी आमचं नेट चोरतोय! उद्याच घर खाली करायला सांगतो."

मणीच्या बायकोला नववा महिना, म्हणून मीच मध्ये पडलो. "राव, नेटचा डबा, तो राउटर, कुठाय?"

"लोखंडी कपाटात, कुलपात. वायर मागच्या भोकातून घेतलीय. चोरांचा काय नेम?"

"अय्यो! लोखंडातून सिग्नल कसा बाहेर येणार? उघडा आधी ते."

दार उघडलं तसा आकडा टुणकन चोपन्नवर!

मी पोट धरून हसतोय, तर राव माडीकडे बघत कुजबुजले, "बघितलंत? तुमचा आवाज ऐकला आणि लगेच सोडलं लबाडानं!"