गुरूच्या नावाचा कॉल

अठ्ठ्याहत्तर साली दोह्याच्या टेलिफोन ऑफिसात मालविका नाशिकचा कॉल लागायची वाट बघत ताटकळली होती. मागच्या बाकावर दोघं मराठीत कुजबुजायला लागले आणि तिचे कान आपोआप टवकारले.

“गिऱ्या, गुरूच्या आईंना एवढंच सांग, मेसईदच्या रस्त्यावर त्याला अपघात झालाय, दवाखान्यात आहे. तो गेला, हे नंतर कळू दे.”

“खोटं? तेही गुरूबद्दल? होस्टेलात आपल्या ग्रुपला नियमच होता त्याचा. थाप मारली की वेगळ्या टेबलावर जेवायचं.”

“त्यानं पेपर दाखवला नाही म्हणून तू नापास झालास ना रे?”

“झालो. मग सगळी सुट्टी घरी न जाता मला शिकवत बसला. इथली नोकरीही त्यानंच लावून दिली.”

“बरं बाबा, खरं सांग. पण बेतानं. कॉल तुझ्याच नावावर आहे ना?”

“अरे देवा.”

“काय झालं?”

“दर शुक्रवारी आपल्या सगळ्यांचे कॉल गुरूच बुक करायचा. सवयीनं मी त्याचंच नाव दिलं.”

“गाढवा! ऑपरेटर आईंना सांगेल, मुलगा बोलतोय म्हणून! पळ, रद्द कर!”

“गुरुप्रसाद सबनीस! सांगली! केबिन तीन!” काउंटरवरून पुकारा झाला.

गिरीश उठला. त्यानं केबिनचं दार लावून घेतलं, तरी त्याचं ओरडणं बाहेर ऐकू येतच होतं.

“हॅलो! आई, मी... हॅलो!”

केबिनच्या काचेतून तो रिसीव्हर कानाशी घट्ट दाबताना दिसला.

“हो, आई! गुरूच बोलतोय! जेवलो!”